हॉटेलातली ॲलर्जी-माहिती: ग्राहकाने विचारण्याआधी काय तयार हवं

मेन्यूकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'ॲलर्जी असल्यास कळवावे' एवढी ओळ छापली की काम झालं, असं बहुतेक हॉटेलांत मानलं जातं. मग एक दिवस ग्राहक खरोखरच कळवतो. वेटर आत जाऊन विचारतो, वस्ताद हातातला झारा न थांबवता 'काय नाय रे त्यात' म्हणतो आणि तेच उत्तर टेबलावर पोचतं. त्यात खोटं बोलण्याचा हेतू कुणाचाच नसतो. पण वस्तादाने ग्रेव्हीतल्या काजूचा विचार केलेला नसतो, कारण ग्रेव्ही सकाळी सातला दुसऱ्याने केलेली असते. डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं हे तर दोघांनाही माहीत नसतं.

दीड वाजताच्या गर्दीत माहिती शोधता येत नाही, ती आधीच लिहून ठेवलेली असावी लागते. महाराष्ट्रात सगळीकडे दिसणारं, थाळी, पंजाबी, चायनीज आणि साउथ इंडियन एकाच छताखाली देणारं मध्यम आकाराचं हॉटेल डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

कायदा काय मागतो आणि कुठे थांबतो

एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या) २०२० च्या लेबलिंग आणि डिस्प्ले नियमांत ॲलर्जी आणणाऱ्या घटकांचे आठ गट आहेत: ग्लूटेन हे प्रथिन असलेली धान्यं (गहू, राय, बार्ली, ओट्स इत्यादी), कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट (पदार्थ टिकवण्यासाठी घालतात ते रसायन). सेंट्रल परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी पदार्थासोबत कॅलरी द्यायच्या आहेत आणि या घटकांची माहितीही. ऑनलाइन ऑर्डर घेणाऱ्या ॲपांनी ती हॉटेलांकडून घेऊन ग्राहकाला दाखवायची आहे.

तुमचं एकच हॉटेल असेल आणि सेंट्रल परवाना नसेल तर मेन्यूकार्डाची ही सक्ती तुमच्यावर नाही. पण गल्ल्याशेजारी चिवडा, लाडू, शेंगदाण्याची चटणी पाकिटं भरून विकत असाल तर तो पॅकबंद माल झाला. त्याच्या लेबलवर घटक आणि ॲलर्जीची सूचना लागते. आणि सक्ती असो-नसो, ग्राहकाने थेट विचारल्यावर चुकीचं उत्तर दिलं तर जबाबदारी तुमचीच.

या आठांत दोन घटकांची भर तुम्ही स्वतः घाला: तीळ आणि मोहरी. आपल्याकडच्या यादीत ते नाहीत, युरोपातल्या चौदा घटकांच्या यादीत दोन्ही आहेत. आपल्या स्वयंपाकात तर ते सगळीकडे आहेत. गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाला यांत बहुधा तीळ असतात आणि मोहरीची फोडणी नाही असा पदार्थ थाळीत शोधावा लागतो. परदेशातून सुट्टीला आलेलं कुटुंब हे दोन्ही घटक नाव घेऊन विचारतं, तेव्हा वेटर गोंधळतो.

पहिली पायरी: पदार्थ नव्हे, मूळ तयाऱ्या लिहा

मेन्यूकार्ड उघडून पहिल्या पदार्थापासून घटक लिहायला बसलात तर तिसऱ्या पानावर कंटाळून सोडून द्याल. हॉटेलातले शंभर पदार्थ पंधरा-वीस मूळ तयाऱ्यांवर उभे असतात. आधी त्या लिहा: लाल ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही, पिवळी ग्रेव्ही, मालवणी वाटण, कोल्हापुरी वाटण, मिसळीचा कट, तंदूरचं मॅरिनेशन, नानची कणीक, भजीचं पीठ, चायनीजचं कोटिंग, चायनीजची सॉसं, इडली-डोशाचं पीठ, सांबार, चटण्या, कोशिंबिरींचा कूट, दुधाचा मसाला.

प्रत्येक तयारीसाठी एक कागद. वरती नाव, करणाऱ्याचं नाव, तारीख. खाली प्रत्येक घटक, त्याचा ब्रँड किंवा पुरवठादार, आणि तो संपला तर त्याजागी काय वापरता. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्याबद्दल पुढे.

हे लिहिताना मालकाने किंवा मॅनेजरने खुर्चीत बसून आठवणीने लिहू नये. सकाळच्या तयारीच्या वेळी आत उभं राहावं आणि टोपात जे पडतं ते लिहावं. तोंडी सांगितलेली पाककृती आणि प्रत्यक्षातली पाककृती यांत हटकून फरक निघतो. आणि तो मुद्दाम लपवलेला नसतो, चिमूटभर घातलेली गोष्ट माणूस घटक म्हणून मोजत नाही, इतकंच.

कुठे काय दडलेलं असतं, ते इथे सांगतो.

*हिंग.* डबीतला हिंग शुद्ध नसतो. त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक असतो. मैदा असलेला हिंग वरणाच्या फोडणीत पडला की 'वरण-भातात गहू कुठून येणार' हा प्रश्न संपला. तांदळाचं पीठ वापरलेला हिंग मिळतो, फक्त डबीवरचं वाचून घ्यावा लागतो. एवढ्या एका बदलाने थाळीतले बरेच पदार्थ गव्हाच्या रकान्यातून बाहेर निघतात.

*पांढरी आणि लाल ग्रेव्ही.* काजू, मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया), कधी खसखस, शिवाय दूध, क्रीम, बटर. पनीर बटर मसाल्यात काजू असतो हे ग्राहकालाही ठाऊक असतं. व्हेज कोल्हापुरीत किंवा अंडा करीत घट्टपणासाठी त्याच पांढऱ्या ग्रेव्हीची एक पळी पडते, हे कुणालाच ठाऊक नसतं. काजू चालत नसणाऱ्याला पिस्तेही बहुधा चालत नाहीत, दोघांची प्रथिनं जवळची आहेत. चारोळी त्याच कुळातली, म्हणून श्रीखंडावरची चारोळीही तक्त्यात यायला हवी.

*शेंगदाणा.* मराठी स्वयंपाकघरात सगळ्यात मोठं काम याच्याशी आहे. कोशिंबीर, भरली वांगी, मटकीची उसळ, पोहे, ठेचा, वडापावची सुकी लसूण चटणी, मिसळीवरचं फरसाण, डोशाची चटणी, इडलीची पूड. उपवासाचं पान तर पूर्ण शेंगदाण्याचं: साबुदाणा खिचडी, वडे, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाने आषाढीला हॉटेलात उपवासाचं मागितलं तर देण्यासारखं वऱ्याचे तांदूळ आणि फळं एवढंच उरतं, आणि वऱ्याच्या तांदळातही कूट घातलेला नाही ना हे बघावं लागतं.

तेलाबद्दल नीट लिहा. पूर्ण रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिनाचा अंश जवळपास उरत नाही. घाण्याच्या तेलात तो राहतो. 'आम्ही लाकडी घाण्याचं तेल वापरतो' ही पाटी अभिमानाने लावली असेल, तर तुमच्याकडचा प्रत्येक तळलेला आणि फोडणीचा पदार्थ शेंगदाण्याच्या रकान्यात जातो.

*गहू.* पोळी, नान, पाव हे दिसतात. न दिसणारे: सोया सॉस (बहुतेक ब्रँडांत गहू असतोच), मंचुरियनच्या गोळ्यांतला मैदा, माशाला लावलेला रवा, रवा डोसा, थालीपिठाची भाजणी, सोया चाप, कटलेटचा ब्रेडचा चुरा. ज्वारीची भाकरी ही ग्लूटेन टाळणाऱ्यांची हक्काची जागा वाटते. पण ज्वारी दळून येते त्याच गिरणीत गहू दळला जातो, आणि आत भाकरी थापताना परातीत कणीक भुरभुरलेली असते. बंद पाकिटातलं, ग्लूटेन-मुक्त म्हणून तपासलेलं पीठ आणि वेगळी परात-तवा असेल तरच भाकरीबद्दल ठाम बोला.

*दूध.* तुपात दुधाच्या प्रथिनाचा अंश राहतो. नानच्या कणकेत दूध-दही असतं. पोळी वाढताना तूप लावायची सवय, डोशावर बटर, पावभाजीच्या तव्यावरच टोस्ट होणारं सँडविच. 'दूध पचत नाही' आणि 'दुधाची ॲलर्जी आहे' या वेगळ्या गोष्टी. पहिल्याला तूप बहुधा सोसतं, दुसऱ्याला ते देऊ नये.

*बाकीचे.* अंडं नानच्या कणकेत, चिकनच्या कोटिंगमध्ये, हक्का नूडल्सच्या काही ब्रँडांत आणि मेयोनीजमध्ये. कोळंबीचा अंश थाई करीच्या तयार पेस्टमध्ये. मालवणी हॉटेलात सुकट, जवळा आणि बोंबील चटणीत असतात आणि ज्या खलबत्त्यात ती चटणी होते त्यातच ठेचाही होतो. सल्फाइट पिवळ्या बेदाण्यांत, सुकवलेल्या जर्दाळूत, वाइनमध्ये.

सुटा माल

पाकिटावर लेबल असतं, पोत्यावर नसतं. सुटं बेसन, सुटा गरम मसाला, पिंपातलं फरसाण, बेकरीतून येणारा पाव यांच्याबद्दल तुमचा कागद 'माहीत नाही' असंच म्हणू शकतो. ॲलर्जीच्या दृष्टीने महत्त्वाचे पाच-सहा जिन्नस तरी बंद पाकिटातले घ्या: हिंग, बेसन, मसाले, तांदळाचं पीठ, सॉसं. बाकीच्यांसाठी पुरवठादाराकडून घटकांची यादी लिहून, सही करून घ्या. फरसाणवाला देणार नाही म्हणाला तर मिसळ तक्त्यात 'शेंगदाणा, गहू, काजू असू शकतो' अशीच जाईल.

पाकीट उघडल्यावर माल डब्यात ओतला जातो आणि पाकीट कचऱ्यात जातं. ही सवय मोडायला हवी. लेबलचा तुकडा कापून डब्याला चिकटवा, किंवा फोटो काढून एका ठरलेल्या फोनमध्ये ठेवा. कंपन्या न सांगता घटक बदलतात, म्हणून दर नव्या खोक्याला घटकांची यादी पुन्हा वाचायची. माल उतरवून घेणाऱ्यालाच हे काम द्या.

'संपलं म्हणून दुसरं घातलं'

जानेवारी २०१४ मध्ये इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्कशायरमधल्या एका भारतीय पद्धतीच्या रेस्टॉरंटातून एका ग्राहकाने चिकन टिक्का मसाला पार्सल नेला. त्याला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी होती आणि त्याने तसं सांगितलं होतं. डब्याच्या झाकणावर 'नट्स नाहीत' असं लिहिलंही होतं. मालकाने खर्च वाचवण्यासाठी बदामाच्या पुडीऐवजी शेंगदाणा असलेली स्वस्त पूड वापरायला सुरुवात केली होती. ग्राहक दगावला. २०१६ मध्ये मालकाला मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी तीनच आठवडे त्याच मालकाच्या दुसऱ्या रेस्टॉरंटातलं जेवण जेवून एका मुलीला प्रतिक्रिया आली होती.

काजूचा भाव चढला की ग्रेव्हीत शेंगदाणा किंवा मगज वाढवणं आपल्याकडेही नवं नाही. त्यात चव फारशी बिघडत नाही, म्हणूनच ते कुणाच्या लक्षात येत नाही. नियम एकच ठेवा: तयारीच्या कागदावरच्या 'त्याजागी' रकान्यात जे लिहिलेलं नाही, ते मॅनेजरच्या सहीशिवाय टोपात पडणार नाही. आणि पडलंच तर त्या दिवशीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत: 'आज पांढरी ग्रेव्ही: शेंगदाणा आहे.' फळा कॅप्टनच्या (वेटरांच्या प्रमुखाच्या) जाण्या-येण्याच्या वाटेवर हवा, स्टोअररूमच्या दारामागे नको.

दुसरी पायरी: तक्ता

तयाऱ्यांचे कागद झाले की पदार्थांचा तक्ता दोन बैठकांत होतो. उभ्या ओळीत पदार्थ, आडवे दहा रकाने: आठ कायद्याचे, दोन तीळ-मोहरीचे. प्रत्येक चौकटीत तीनपैकी एक खूण:

'आहे': घटक पाककृतीतच आहे.
'लागू शकतो': पाककृतीत नाही, पण एकच कढई, तवा, मिक्सर किंवा चमचा वापरला जातो.
'नाही': दोन्ही तपासलं, नाही.

चौकट रिकामी ठेवू नका. रिकामी चौकट एकाला 'नाही' वाटते आणि दुसऱ्याला 'अजून भरायची आहे' वाटते.

यात आणखी एक रकाना टाका: 'काढून देता येतं का'. वेटरचे बहुतेक प्रश्न इथेच सुटतात. पोह्यांतले शेंगदाणे काढून देता येतात, कारण फोडणी ताजी होते. भरल्या वांग्यातला कूट काढता येत नाही. पनीर बटर मसाल्यातला काजू काढता येत नाही, ग्रेव्ही सकाळीच झाली. वरून घातलेला काजू चमच्याने उचलून प्लेट परत पाठवणं म्हणजे काढून देणं नव्हे. तळल्याने, उकळल्याने ॲलर्जी जाते हाही समज चुकीचा, प्रथिनाचा पुरेसा अंश उरतो.

तक्त्यावर तारीख आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहा. तीन महिन्यांनी एकदा, शिवाय मेन्यू, पुरवठादार किंवा वस्ताद बदलला की लगेच. वस्ताद बदलला की ग्रेव्ही बदलते, हे हॉटेलवाल्यांना सांगायची गरज नसावी.

तिसरी पायरी: आत काय वेगळं करायचं

आपल्या स्वयंपाकघरांना एक गोष्ट आधीपासून येते: जैन ऑर्डर. केओटीवर (स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर) 'जैन' दिसलं की कांदा-लसणाची ग्रेव्ही बाजूला राहते, वेगळा टोप येतो, आणि हे सगळं नवा हेल्परसुद्धा आठवड्यात शिकतो. ॲलर्जीची ऑर्डर त्याच घडीवर बसवा, वेगळी शिस्त शोधत बसू नका. फरक एकच. इथे पळी पुसून चालत नाही, ती साबणाने धुवावी लागते, कारण डोळ्यांना न दिसणारा अंशही पुरतो.

एक झाकणाचा डबा तयार ठेवा: छोटी कढई, झारा, पळी, उलथणं, सुरी, भाजी कापायचा पाट. सगळ्याला जांभळी पट्टी, हा रंग ॲलर्जीच्या भांड्यांसाठी बऱ्याच देशांत वापरला जातो. डबा वरच्या फळीवर, कूट आणि पिठांपासून लांब.

ऑर्डर आली की क्रम असा:

१. हात साबण-पाण्याने धुवायचे, धुतलेला ॲप्रन. सॅनिटायझरने जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रथिन हातावरच राहतं.
२. ओटा ओल्या, नव्या फडक्याने साबण लावून पुसायचा. खांद्यावरचं फडकं नाही, त्यात सगळ्या ग्रेव्ह्या असतात.
३. जिन्नस स्टोअरमधल्या बंद डब्यातून. गॅसजवळच्या मसाल्याच्या ट्रेमधून नाही, कारण तिथे एकच चमचा तिखटातून कुटात आणि कुटातून मिठात फिरतो.
४. तळायचं तर छोट्या कढईत ताजं तेल. ज्या तेलात सुरमई आणि कोळंबी तळली, त्यातच पापड तळला की पापडही माशाचा झाला.
५. तवा असेल तर खरवडून धुवायचा. मुख्य पावभाजीचा किंवा डोशाचा तवा सेवेच्या मध्ये धुता येत नाही, म्हणून पॅन वापरा.
६. प्लेट धुतलेली, वर झाकण, झाकणावर जांभळी चिठ्ठी, टेबल नंबर.

कूट हा कोरडा, उडणारा असतो. तो सकाळी, बाकीची तयारी उघडी पडण्याआधी करून झाकून ठेवा. मिक्सरचं एक भांडं कायमचं कुटासाठी राखून ठेवा. ज्यूस काउंटरवर हाच प्रश्न काजू-अंजीर शेकचा आहे: त्याच भांड्यात पुढचा मोसंबी ज्यूस होतो. पाण्याने खळबळून काढणं पुरत नाही, झाकणाच्या रबराखाली शेक राहतो.

काही पदार्थ काहीही करून सुरक्षित होत नाहीत. चालू गर्दीत तंदूरमधून गव्हाशिवाय पनीर टिक्का देता येणार नाही. तेव्हा 'जमणार नाही' म्हणायला आतल्या लोकांना मुभा हवी आणि त्यावरून मालकाने बोलू नये.

चौथी पायरी: मेन्यूवर काय छापायचं

'आमच्या सर्व पदार्थांत कोणतेही ॲलर्जी घटक असू शकतात' हे वाक्य टाळा. ते हॉटेलला वाचवण्यासाठी लिहिलेलं आहे हे ग्राहकाला कळतं, आणि त्याच्या उपयोगाचं त्यात काहीच नसतं. त्याऐवजी मेन्यूच्या पहिल्या पानावर, पदार्थांइतक्याच अक्षरांत:

'तुम्हाला किंवा सोबतच्या कुणाला अन्नाची ॲलर्जी असेल तर ऑर्डर देण्याआधी कॅप्टनला सांगा. आमच्या स्वयंपाकघरात शेंगदाणे, काजू, दूध, गहू, तीळ आणि मोहरी रोज वापरली जाते. प्रत्येक पदार्थाचा घटक-तक्ता गल्ल्यावर पाहायला मिळेल.'

पदार्थासमोर खुणा द्यायच्या तर चित्रं किंवा पूर्ण शब्द द्या: 'शेंगदाणा', 'काजू', 'दूध'. नुसती अक्षरं दिली की खालची सूची शोधावी लागते, आणि 'क' म्हणजे काजू की कोळंबी हा घोळ होतो. क्यूआर कोड चालेल, पण छापील तक्ता काढून टाकू नका. ग्राहक वयस्कर असेल, नेट नसेल, आणि खरं तर तक्ता जास्त वेळा तुमचाच कॅप्टन बघणार आहे.

'ग्लूटेन-फ्री' हा शब्द जपून. एफएसएसएआयच्या नियमांत ग्लूटेन-मुक्त म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन. चाचणी न करता हा शब्द छापू नका. 'घटकांत गहू नाही. गहू वापरणाऱ्या स्वयंपाकघरात बनवलेलं' हे खरं आहे आणि सिलिअॅकच्या (ग्लूटेनने आतड्याला इजा होते त्या आजाराच्या) रुग्णाला निर्णय घ्यायला पुरेसं आहे.

पाचवी पायरी: टेबलावरचं बोलणं

आपल्याकडे ग्राहक 'ॲलर्जी' हा शब्द क्वचित वापरतो. 'शेंगदाणे चालत नाहीत', 'कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठतं', 'बाळाला दूध सोसत नाही', 'डॉक्टरांनी गहू बंद सांगितलाय' असं म्हणतो. यातलं काहीही कानावर पडलं की वेटरने एक प्रश्न विचारायचा: 'साहेब, ॲलर्जी आहे, की नुसतं नकोय? थोडंसं लागलं तरी त्रास होतो का?' उत्तर 'नुसतं नकोय' असेल तर नेहमीची ऑर्डर. त्रास होतो म्हणाले तर वेटरने पुढे स्वतः काही सांगायचं नाही, कॅप्टनला बोलवायचं.

प्रत्येक पाळीला एकच जबाबदार माणूस ठेवा, त्याचं नाव फळ्यावर. ॲलर्जीची प्रत्येक ऑर्डर तोच घेतो, तोच आत सांगतो, तोच वाढतो. हात बदलले की निरोप बदलतो.

तो तक्ता घेऊन टेबलावर येतो, ग्राहकासमोर उघडतो. बोलणं असं:

'मॅडम, शेंगदाण्याची ॲलर्जी ना? हा तक्ता बघा. जिरा राइस आणि दाल फ्रायमध्ये शेंगदाणा नाही, तेल रिफाइंड सूर्यफुलाचं आहे. वेगळ्या भांड्यात करून देऊ, पण आत कूट वापरला जातो. कोशिंबीर आणि चटणी ताटातून काढतो. मिसळ मात्र देता येणार नाही.'

टाळायची वाक्यं: 'काही होत नाही हो', 'अगदी किंचित असतं', 'रोज लोक खातात', 'शंभर टक्के सेफ'. माहीत नसेल तर 'मला खात्री नाही, विचारून सांगतो', आणि विचारूनही कळलं नाही तर 'खात्री देता येत नाही, हा पदार्थ नका घेऊ'. हे वाक्य म्हटल्याबद्दल कॅप्टनची पाठ थोपटा, कारण त्याने एक बिल सोडलेलं असतं.

केओटीवर 'नो नट्स' लिहू नका. शेंगदाणा नट्समध्ये येतो का, मगज येतो का, यावर आत चर्चा सुरू होते. 'ॲलर्जी: शेंगदाणा. टेबल ७' असं वेगळ्या ओळीत, सॉफ्टवेअरमध्ये सोय नसेल तर लाल पेनने गोल करून लिहा. मग कॅप्टन आत जाऊन तोंडी सांगतो आणि वस्ताद तेच परत म्हणतो: 'टेबल सात, जिरा राइस, शेंगदाणा ॲलर्जी.' ताट वाढताना ग्राहकासमोर पुन्हा तेच.

थाळी, बुफे, पार्सल

थाळीत खरा धोका पहिल्या ताटात नसतो, दुसऱ्या वाढीत असतो. कॅप्टनने काळजीपूर्वक लावलेल्या ताटात वाढपी येऊन सवयीने कोशिंबीर टाकून जातो. म्हणून ॲलर्जीच्या टेबलावर दिसेल अशी खूण ठेवा, जांभळा रुमाल किंवा उभी पाटी, आणि वाढप्यांना सांगा की तिथे फक्त कॅप्टन वाढतो.

बुफेमध्ये नावाच्या पाटीवरच घटक लिहा. पाटी झाकणावर ठेवू नका, झाकणं एकमेकांवर बदलतात. पाहुणे एका भांड्यातला चमचा दुसऱ्यात घालणारच. ॲलर्जी असलेल्या पाहुण्याचं जेवण बुफेला माल लागण्याआधी आतून वेगळं काढून झाकून ठेवा. लग्नाच्या ऑर्डरला ही विचारणा मेन्यू ठरवतानाच यजमानांकडे करा.

पार्सलला ग्राहकाने ॲपवर लिहिलेली सूचना स्वयंपाकघरात छापली जाते का, हे आजच एक खोटी ऑर्डर टाकून बघा. अनेकदा ती स्क्रीनवर राहते आणि केओटीवर येत नाही. सूचना दिसली की फोन करून तक्त्यातली माहिती सांगा, नाही जमलं तर ऑर्डर नाकारा. डब्यावर घटकांसह चिठ्ठी लावा, चटणीच्या पुड्या वेगळ्या पिशवीत, किंवा पाठवूच नका.

त्रास सुरू झालाच तर

ओठ-डोळे सुजणं, अंगभर पित्त, घसा आवळणं, आवाज घोगरा होणं, धाप, सारखा खोकला, उलटी, चक्कर. पित्ताशिवाय नुसती धाप किंवा चक्करही असू शकते. मिनिटं मोजा, वाट बघू नका.

१०८ ला फोन लावा आणि 'ॲनाफिलॅक्सिस, तीव्र ॲलर्जी' हे शब्द वापरा. ग्राहकाकडे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन असेल तर ते काढून द्या, वेळ घालवू नका. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला घेतात. ॲलर्जीची गोळी त्याला पर्याय नाही, श्वास अडकलेला तिने मोकळा होत नाही. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. धाप असेल तर बसू द्या. बेशुद्ध असेल पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. उभं करू नका, वॉशरूमपर्यंत चालवत नेऊ नका, रक्तदाब कोसळतो. पाणी, लिंबू सरबत पाजू नका. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायलाच हवं, काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. हे सगळं एका कागदावर छापून गल्ल्यामागे लावा, सोबत जवळच्या रात्री चालू असणाऱ्या दवाखान्याचा नंबर.

रुग्ण गाडीत बसला की ताट धुवायला टाकू नका. पदार्थाचा नमुना झाकून फ्रिजमध्ये ठेवा, केओटी आणि त्या तयारीच्या पाकिटांचे फोटो काढा, आणि डॉक्टरांनी विचारलं तर घटक सांगा, झाकू नका. त्यांना उपचारासाठी ते लागतात. सौम्य घटनाही वहीत लिहा: नुसते ओठ खाजले, ग्राहक हसून निघून गेला, तरीही. कोणता पदार्थ, कोणती तयारी, कोणत्या पाकिटाचा माल. मग त्याच संध्याकाळी तयारीचा कागद आणि टोप समोरासमोर ठेवून तपासा, आणि फरक निघाला तर तो पदार्थ कागद दुरुस्त होईपर्यंत मेन्यूतून बंद.